दहा टक्के मेंदू आणि विज्ञानकथेचा नायक

प्रश्न : मी विज्ञानकथा लिहितो. सध्या लिहीत असलेल्या दीर्घकथेचा नायक एका औषधामुळे मेंदूचा शंभर टक्के वापर करू लागतो. माणूस मेंदूचा जेमतेम दहा टक्के भाग वापरतो, असे अनेक ठिकाणी वाचले आहे आणि चित्रपटांतही पाहिले आहे. यात शास्त्रीय तथ्य किती? उरलेल्या नव्वद टक्क्यांत नेमके काय असते?

उत्तर : थोडक्यात सांगायचे तर, मेंदूत राखून ठेवलेला, कुलूपबंद असा कोणताही भाग नाही. निरोगी माणसाच्या मेंदूचा प्रत्येक भाग दिवसभरात, किंबहुना झोपेतसुद्धा, काही ना काही काम करीत असतो. मात्र एवढ्यावर थांबलो तर आपल्या कथेला त्याचा काहीच उपयोग होणार नाही, आणि ही कल्पना शंभर वर्षे का टिकून राहिली तेही कळणार नाही. म्हणून मेंदूविकारांवर उपचार करताना जे रोज समोर येते त्याच्या, आणि या शास्त्राच्या इतिहासातील काही नोंदींच्या आधारे जरा विस्ताराने लिहितो. माझे म्हणणे असे आहे की, कोणत्याही एका क्षणी मेंदूतील बहुसंख्य पेशी शांत असतात हे खरे असले, तरी त्या शांततेला पडून राहिलेली शक्ती समजणे ही या सगळ्या कथांची मूळ चूक आहे.

आधी चित्रपटांविषयी. २०१४ च्या ‘ल्युसी’मध्ये तैपेईत राहणाऱ्या एका तरुणीच्या पोटात लपवलेली अमली पदार्थाची पिशवी फुटते आणि पडद्यावर मेंदूच्या वापराची टक्केवारी चढत जाते. त्यातील प्राध्यापक भर व्याख्यानात सांगतात की माणूस दहा टक्के मेंदू वापरतो आणि डॉल्फिन वीस टक्के. त्याआधी तीन वर्षे आलेल्या ‘लिमिटलेस’मध्ये लिखाण अडलेला एक लेखक गोळी गिळतो आणि रखडलेले पुस्तक झपाट्याने लिहून काढतो, तिथे हाच आकडा माणसासाठी वीस टक्के आहे. खरोखर कोणी मोजमाप केलेले असते तर तीन वर्षांत आकडा निम्मा झालेला कोणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता. कथाकाराच्या दृष्टीने या कल्पनेची सोय मात्र मोठी आहे. उरलेल्या नव्वद टक्क्यांत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसल्याने त्यातून गणित, कुंगफू, परभाषा, हवेत वस्तू उचलणे, वाटेल ते काढता येते आणि स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

हा आकडा आला कुठून? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०७ मध्ये ‘द एनर्जीज ऑफ मेन’ या निबंधात असे मांडले होते की, आपण आपल्या शारीरिक आणि मानसिक सामर्थ्याचा लहानसाच भाग उपयोगात आणतो. हे विधान माणसाच्या कर्तृत्वाविषयी होते, आणि त्यात टक्केवारी नव्हती. १९३६ मध्ये डेल कार्नेगी यांचे लोकांवर छाप पाडण्याविषयीचे सुप्रसिद्ध पुस्तक आले, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत लॉवेल थॉमस या पत्रकाराने लिहिले की, सामान्य माणूस आपल्या सुप्त मानसिक क्षमतेचा फक्त दहा टक्के विकास करतो असे प्राध्यापक जेम्स म्हणत असत. पुस्तक लाखोंनी खपले आणि आकडा रूढ झाला. पुढे सांगोवांगी ‘क्षमता’ गळाली आणि तिच्या जागी कवटीतला अवयव आला. याच वाक्यावर आइन्स्टाइनची मोहोर उठवलेली आपण पाहिली असेल. त्यांनी असे काही म्हटल्याचा पुरावा नाही.

या समजुतीला शास्त्रज्ञांनीही नकळत हातभार लावला. १९२० च्या दशकात कार्ल लॅशली यांनी उंदरांना चक्रव्यूहातून वाट काढायला शिकवून त्यांच्या मेंदूच्या बाह्य थराचे, म्हणजे कॉर्टेक्सचे, कमीअधिक तुकडे काढून पाहिले. कोणताही एक विशिष्ट तुकडा काढला म्हणून उंदीर वाट पूर्ण विसरला असे झाले नाही, आणि तेवढ्यावरून कॉर्टेक्सचा बराचसा भाग फालतू आहे असा अर्थ लोकांनी घेतला. प्रत्यक्षात जितका भाग अधिक काढला तितक्या चुका वाढल्या, हाही त्याच प्रयोगांचा निष्कर्ष होता. माणसाच्या बाबतीत मॉन्ट्रियलचे शस्त्रक्रियातज्ज्ञ वाइल्डर पेनफिल्ड यांनी अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना, रुग्ण जागा असताना, उघड्या मेंदूवर सूक्ष्म विद्युत्प्रवाह देऊन नकाशे तयार केले. एका ठिकाणी प्रवाह दिला की अंगठा हलत असे, दुसरीकडे ओठाला मुंग्या येत, तिसरीकडे आकडे मोजणारा रुग्ण मध्येच अडखळत असे. कपाळामागच्या बऱ्याच भागावर मात्र प्रवाह दिला तरी काहीच घडत नसे. असे भाग ‘सायलेंट’ म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि सायलेंटचा अर्थ बाहेरच्या जगाने बिनकामाचे असा लावला.

ते बिनकामाचे नाहीत हे पेनफिल्ड यांना स्वतःच्या घरातच पाहावे लागले. त्यांची बहीण रूथ हिच्या मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात गाठ होती आणि १९२८ च्या अखेरीस त्यांनी स्वतःच तिच्यावर शस्त्रक्रिया करून तो भाग मोठ्या प्रमाणावर काढून टाकला. ती बरी होऊन घरी गेली. बोलणे, चालणे, स्मरण, स्वभावातला आपलेपणा, सगळे जागेवर होते आणि वरवरच्या तपासणीत बोट ठेवावे असे काही सापडले नसते. सुमारे सव्वा वर्षानंतर तिने भावाला जेवायला बोलावले. घरची चार माणसे आणि हा एक पाहुणा, एवढ्यांचा साधा स्वयंपाक होता आणि तो ती वर्षानुवर्षे करीत आलेली होती. जेवणाची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरातच होती. सगळे जिन्नस समोर मांडलेले होते, एकदोन पदार्थ चुलीवर चढले होते, पण सॅलड झालेले नव्हते, मांस शिजायलाच टाकले नव्हते, आणि बराच वेळ एकटीने धडपडून ती गोंधळून व कष्टी होऊन उभी होती. प्रत्येक पदार्थ कसा करायचा हे तिला येत होते. कशाआधी काय करायचे आणि एक काम चालू असताना दुसरे कधी हाती घ्यायचे, हे जुळवणे तिला जमत नव्हते. पेनफिल्ड यांनी हे १९३५ मध्ये शास्त्रीय निबंधात नोंदवून ठेवले. रुग्णाच्या नातेवाइकांकडून ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण आई पूर्वीसारखी राहिली नाही’ असे ऐकले की मला हीच नोंद आठवते. विजेची तार टेकवून बोट हलले नाही, एवढ्यावरून त्या जागेला काम नाही असे ठरवणे म्हणजे परीक्षेत चुकीचा प्रश्न विचारून विद्यार्थ्याला नापास करण्यासारखे आहे.

दहा टक्क्यांच्या कल्पनेविरुद्धचा सर्वांत सोपा पुरावा पक्षाघाताच्या वॉर्डात मिळतो. मेंदूच्या खोल भागात इंटर्नल कॅप्सूल नावाची एक अरुंद पट्टी आहे आणि हातापायांकडे जाणारे बहुतेक आज्ञातंतू तिच्यातून दाटीवाटीने जातात. तिथे जेमतेम एक सेंटिमीटरचा भाग रक्ताअभावी मेला तर शरीराची अख्खी एक बाजू लुळी पडते. नव्वद टक्के मेंदू रिकामा असता तर दहापैकी नऊ जणांचा स्ट्रोक लक्षातही आला नसता. यावर कोणी जाणकार म्हणेल की, काही छोटे स्ट्रोक खरोखरच लक्षात येत नाहीत आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये अचानक दिसतात. हे खरे आहे. परंतु अशा जागा साचत गेलेल्या माणसांची चाल आणि विचारांचा वेग मंदावतो आणि पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हेही तितकेच खरे आहे.

मेंदूच्या खर्चाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. प्रौढ माणसात मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, आणि विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यातला सुमारे २० टक्के वाटा एकट्या मेंदूचा. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांत हा वाटा इतका मोठा असतो की त्या वयात शरीराची वाढ मंदावण्याशी त्याचा संबंध असावा, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले गेले. ज्या अवयवाचा नऊ दशांश भाग निरुपयोगी आहे त्याच्यावर उत्क्रांतीने एवढी उधळपट्टी चालू दिली नसती. त्याहून बोलका प्रयोग १९५५ चा आहे. अमेरिकेतील लुई सोकोलोफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूकडे जाणाऱ्या आणि मेंदूतून परतणाऱ्या रक्तातील ऑक्सिजनची तुलना करून मेंदू एकूण किती ऑक्सिजन वापरतो हे मोजले. आधी स्वस्थ पडलेले असताना, मग मनातल्या मनात गणिते सोडवताना. एकूण वापरात मोजता येण्याजोगा फरक पडला नाही. गणित न करणारा मेंदूही जवळजवळ तेवढेच काम करीत होता. २००१ मध्ये मार्कस रेचल यांच्या गटाने दाखवले की, माणूस बाहेरच्या कोणत्याही कामात गुंतलेला नसतो तेव्हा मेंदूतील काही ठरावीक भागांचे जाळे उलट अधिक सक्रिय असते. मासिकांत छापून येणाऱ्या, एखादाच ठिपका लाल-पिवळा आणि बाकी सगळे करडे अशा चित्रांनी येथे फार घोटाळा केला आहे. दोन अवस्थांमधील कामाची वजाबाकी करून जो फरक उरतो तेवढाच त्यात रंगवलेला असतो. करड्या भागातही काम चालूच असते; दोन्ही वेळा ते सारखेच असल्याने वजाबाकीत कापले जाते.

आता त्या शांततेकडे येतो, कारण आपल्या कथेचा खरा गाभा तिथे आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणाऱ्या चेतापेशी, असतात, ही मोजणी ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हुझेल यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केली. न्यूरॉनव्यतिरिक्त इतर पेशी त्यांच्या दहापट असतात हा जुना समज, ज्याचा आधार घेऊन काहींनी दहा टक्क्यांची गोष्ट सावरून धरली होती, तोही याच मोजणीने मोडला. दोन्हींची संख्या साधारण सारखीच निघाली. या न्यूरॉनांपैकी कॉर्टेक्समध्ये एका क्षणी किती जण जोरात संदेश पाठवू शकतील, याचा ऊर्जेच्या हिशेबाने अंदाज पीटर लेनी यांनी २००३ मध्ये मांडला आणि तो एक टक्क्याच्या आसपास आला. म्हणजे चित्रपटातला आकडा उदारच म्हणावा लागेल. परंतु हे एक टक्का न्यूरॉन प्रत्येक क्षणी वेगळे असतात. आपण आईचा चेहरा ओळखतो तेव्हा पेशींचा एक संच बोलतो आणि बाकीचे गप्प राहतात. कोण बोलले आणि कोण गप्प राहिले या दोन्हींतून मिळून चेहऱ्याची ओळख पटते. गप्प बसवण्याचे काम करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, आणि त्या काम करेनाशा झाल्या की काय होते हे आम्ही वारंवार पाहतो. शेजारच्या पेशी एकाच तालात, एकाच वेळी संदेश सोडू लागतात, लाट पसरत दोन्ही बाजूंचा मेंदू व्यापते, आणि माणूस बेशुद्ध होऊन खाली पडतो, त्याचे हातपाय झटके देऊ लागतात. ‘शंभर टक्के’च्या सर्वांत जवळ जाणारी अवस्था हीच आहे. तिला आपण फिट, आकडी किंवा अपस्माराचा झटका म्हणतो. ती पाच मिनिटांत थांबली नाही तर ती तातडीची परिस्थिती मानून शिरेतून औषधे द्यावी लागतात, कारण लांबलेल्या झटक्यात पेशी अति श्रमाने मरू शकतात. आपल्या नायकाने ते औषध घेतल्यावर त्याच्या ईईजीवर, म्हणजे मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या आलेखावर, काय दिसेल हे मला विचाराल तर मी हेच सांगेन, आणि मग कथा दुसऱ्याच पानावर संपेल.

विरोधी बाजूने दोन प्रकारची उदाहरणे नेहमी पुढे केली जातात. पहिले मेंदूत पाणी साचण्याच्या विकाराचे. ब्रिटनमधील शेफील्डचे डॉ. जॉन लॉर्बर यांचा गणिताचा एक विद्यार्थी-रुग्ण १९८० च्या सुमारास गाजला. कवटीत मुख्यतः पाणीच, पण बुद्ध्यंक १२६. लॉर्बर यांनी स्कॅनवरून काढलेल्या अंदाजांवर तेव्हाही आक्षेप घेतले गेले होते. २००७ मध्ये फ्रान्समधून असाच एक ४४ वर्षांचा रुग्ण नोंदवला गेला, संसारी आणि सरकारी नोकरीत असलेला. त्याचा बुद्ध्यंक ७५ होता, हा तपशील बातम्यांत क्वचितच येतो. अशा मेंदूत पाण्याच्या दाबाने, हळूहळू, लहानपणापासून पेशी दाबल्या आणि सरकल्या जातात. उरलेला पातळ थर रिकामा नसतो. तो दुप्पट कष्ट उपसत असतो. दुसरे उदाहरण लहान मुलांचे. काही असाध्य अपस्मारांत मेंदूचा एक अर्धगोल काढावा किंवा तोडून वेगळा करावा लागतो, आणि मूल नंतर चालते, बोलते, शाळेत जाते. हे पाहून मलाही दर वेळी नवल वाटते. पण त्या मुलाच्या विरुद्ध बाजूच्या हाताची बोटे गुंडी लावण्याइतकी चपळ होत नाहीत आणि दोन्ही डोळ्यांच्या दृष्टीचा त्याच बाजूचा अर्धा भाग जातो. हीच शस्त्रक्रिया प्रौढाच्या भाषा सांभाळणाऱ्या, बहुधा डाव्या, अर्धगोलावर केली तर वाचा परत येण्याची आशा फार कमी असते.

मुळात मेंदूत वापराविना पडून राहिलेली जागा मोकळी राहतच नाही. ह्युबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा सुरुवातीच्या काही आठवड्यांत शिवून बंद ठेवला, तेव्हा त्या डोळ्याची मेंदूतील जागा दुसऱ्या डोळ्याने बळकावली. पुढे १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. लहान मुलांच्या ‘आळशी डोळ्या’साठी वेळेत दुसऱ्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावण्याचा आग्रह नेत्रतज्ज्ञ धरतात तो याच कारणाने. जन्मांध व्यक्ती ब्रेल वाचते तेव्हा मेंदूच्या मागच्या बाजूचा, एरवी पाहण्याचे काम करणारा भाग बोटांच्या स्पर्शाला प्रतिसाद देतो, हे १९९६ मध्ये दिसून आले. नव्वद टक्के भाग पिढ्यान्‌पिढ्या ओसाड राहील अशी ही वस्तीच नाही.

जरा विषयांतर करतो, कारण ही कल्पना आपल्याकडे कथेपुरती राहिलेली नाही. ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ या नावाने महाराष्ट्रात गावोगावी वर्ग चालले, पालकांनी हजारो रुपये भरले, आणि मुलांनी डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखून दाखवले. मिडब्रेन म्हणजे मेंदूच्या देठाचा जेमतेम दोन सेंटिमीटरचा तुकडा. डोळे हलवणे, पापणी उचलणे, बाहुली लहानमोठी होणे आणि माणूस जागा राहणे यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे. हे वाचणाऱ्या प्रत्येकाचा मिडब्रेन जन्मापासून ‘अ‍ॅक्टिव्हेट’ झालेला आहे. तो बंद पडला तर माणूस कोमात जातो. मुलांची करामत नाकाच्या बाजूला, पट्टीखाली राहणाऱ्या फटीत असते. वाचायचा कागद छातीजवळ, खाली धरलेला असतो आणि मान किंचित वर उचललेली असते. तोच कागद कपाळासमोर उंच धरला किंवा हनुवटीखाली पुठ्ठा आडवा लावला की वाचन थांबते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे अनेकदा दाखवून दिले आहे. मला अधिक खटकते ते दुसरेच : पालक कौतुकाने पाहत असताना आठनऊ वर्षांच्या मुलाला खोटे वागायला शिकवले जाते.

असामान्य बुद्धीची माणसे असतातच ना, असे आपण म्हणाल. शकुंतला देवी यांनी १९८० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये दोन तेरा-अंकी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत केला. मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी पुढे त्यांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा साध्या प्रतिसादाचा त्यांचा वेग इतरांपेक्षा विशेष नव्हता असे आढळले. मेंदूचा जादा भाग उघडलेला नव्हता; आयुष्यभर संख्यांच्या सहवासात राहून घडलेली ती रीत होती. रीत घडते तेव्हा किंमतही मोजावी लागते. लंडनचे सगळे रस्ते पाठ करणाऱ्या टॅक्सीचालकांत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतील स्मरणाशी आणि वाटा लक्षात ठेवण्याशी संबंधित भागाचा, मागचा भाग मोठा आढळला, हे २००० मध्ये एलेनॉर मॅग्वायर यांनी दाखवले. त्याच चालकांत पुढचा भाग लहान होता, आणि नंतरच्या अभ्यासांत नवी आकृती पाहून लक्षात ठेवण्याच्या एका चाचणीत ते इतरांपेक्षा मागे पडले.

तेव्हा आपल्या नायकाला औषध जरूर द्यावे, फक्त टक्केवारीचा संवाद गाळावा. अचानक उमटलेल्या क्षमतेची खरी उदाहरणे आम्हाला माहीत आहेत आणि ती बहुधा काहीतरी गमावल्यामुळे घडतात. कॅनडातील वैज्ञानिक अ‍ॅन अ‍ॅडम्स यांनी चित्रकलेचा ध्यास घेऊन १९९४ मध्ये फ्रेंच संगीतकार रावेलच्या ‘बोलेरो’ या संगीतरचनेचे प्रत्येक तालखंडाला एक आकृती असे चित्र रंगवले. काही वर्षांनी त्यांची वाचा हळूहळू जाऊ लागली आणि निदान झाले ते भाषेचा भाग झिजवणाऱ्या आजाराचे. तो भाग दुबळा होत असताना मागच्या, दृश्य-अवकाश सांभाळणाऱ्या भागांना मोकळीक मिळाली असावी, असे त्यांच्या स्कॅनवरून डॉक्टरांनी मांडले.

आणि गोळीच हवी असेल तर ती आमच्या रोजच्या चिठ्ठीवर आहे. कंपवातासाठी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही औषधे दिली जातात. हात सुटतात, चाल सुधारते. काही थोड्या रुग्णांत मात्र काही महिन्यांनी वेगळाच प्रकार सुरू होतो. आयुष्यभर काटकसरीने वागलेला निवृत्त माणूस रात्रभर जागून ऑनलाइन रमी खेळतो, किंवा घरातले रेडिओ उघडून त्यांचे भाग तासन्‌तास मांडत बसतो, किंवा कधी कागदाला हात न लावलेला एखादा कवितांच्या वह्या भरतो. त्याला यात काही वावगे वाटत नाही. उलट इतके ताजेतवाने कधीच वाटले नव्हते असे तो सांगतो. तक्रार घेऊन येते ती पत्नी, तीही बहुतेक वेळा बँकेचे पासबुक हातात घेऊन. डोस हळूहळू उतरवला की हे बहुतेकांत ओसरते. अडचण अशी असते की डोस उतरवायला रुग्ण तयार नसतो, आणि तपासणीच्या खोलीत नवराबायको एकमेकांकडे न पाहता माझ्याशी बोलत असतात.